तुरळक ठिकाणी

उन्हाळ्यात मराठी माणसाला दोन प्रश्न कुठेही, कुणालाही विचारायची मुभा असते. आंबा काय भावाने मिळाला आणि तुमच्याकडे पाऊस आला का. पहिल्या प्रश्नाला लोक बिनदिक्कत खोटे उत्तर देतात. दुसऱ्याला खरे देतात, पण त्या खऱ्याचा काही उपयोग नसतो. विचारणारा कोथरूडचा असतो, सांगणारा कात्रजचा, आणि एप्रिल-मे महिन्यांत या दोन ठिकाणांची हवा एकमेकींना ओळखही देत नाही.

हवामान खात्याला हे पक्के ठाऊक आहे. म्हणून तर अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असते. लोकांना वाटते, खाते हात झटकतेय. प्रत्यक्षात इतका मोजूनमापून वापरलेला शब्द सरकारी कागदावर दुसरा सापडायचा नाही. पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पडणार असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’, पाऊण हिश्शापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याच्याही वर गेला तर ‘बहुतांश ठिकाणी’. एवढा हिशेब करून खाते सांगते आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर मे महिन्यात तोच सवाल उभा राहतो, ‘‘तुरळक म्हणजे नक्की कुठे?’’ बँकेतून निवृत्त झालेले एक काका याबाबतीत फार कडक आहेत. ‘‘ठिकाणाचं नाव सांगायला यांच्या बापाचं काय जातं? आम्ही कर्ज देताना सर्व्हे नंबर विचारायचो.’’

सर्व्हे नंबर सांगता येत नाही याला ढगच जबाबदार आहे. उन्हाळ्यातला गडगडणारा ढग चार-पाच किलोमीटर रुंद असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात जन्मून, कोसळून, विरूनही जातो. पुणे जिल्हा आहे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा. त्यात परवा दुपारी साडेतीन वाजता हा ढग कुणाच्या डोक्यावर उभा असेल, हे ढगालाही आज माहीत नसते. हवेत ओल किती, वर थंडावा किती, जमीन किती तापणार, एवढे कळते. म्हणजे भांडण होणार हे कळते. कुणाच्या दारात होणार ते कळत नाही.

भांडण तरी कुणाचे? युरोपात थंड हवा आणि उबदार हवा समोरासमोर येतात, त्या सीमारेषेचे शास्त्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये तयार झाले. तिकडचा हवामानाचा नकाशा त्या रेषांनी भरलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात तसला प्रकार नाही. आपल्याकडे असते ती द्रोणीय रेषा. वर्तमानपत्रात दर दोन दिवसांनी छापून येते की विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकाचा अंतर्गत भाग ते केरळपर्यंत हवेचा कमी दाबाचा पट्टा सक्रिय आहे. हे वाचताना मला नेहमी दक्षिणेकडे निघालेल्या पॅसेंजर गाडीचे वेळापत्रक वाचल्यासारखे वाटते, आणि मधल्या कुठल्या स्टेशनावर उतरता येईल असा विचार मनात येतो. या रेषेच्या एका बाजूने राजस्थान-मध्य प्रदेशातली कोरडी, तापलेली हवा येते. दुसऱ्या बाजूने समुद्रावरची दमट. दोघी एकमेकींना अडवतात, दमट असते ती वर चढते, आणि चार वाजता विजा चमकायला लागतात. खात्याच्या भाषेत याला ‘वाऱ्यांची खंडितता’ असे भारदस्त नाव आहे. ते ऐकल्यावर कुणी पुढे प्रश्न विचारत नाही, एवढा त्याचा फायदा.

खात्याने महाराष्ट्राचे चार तुकडे केलेत : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. बाकी तीन ठीक आहेत, तिथली माणसे स्वतःला त्याच नावाने ओळखतात, प्रसंगी त्यावरून भांडतातही. मध्य महाराष्ट्र मात्र फक्त हवामानात आहे. त्यात कोल्हापूर आहे आणि नंदुरबारही आहे. जळगावची केळी आणि साताऱ्याचे कंदी पेढे एकाच अंदाजाखाली नांदतात. ‘आम्ही मूळचे मध्य महाराष्ट्राचे’ असे सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याच्याशी सोयरीक करण्याआधी मी चौकशी करीन.

उन्हाच्या बाबतीत तर तुकड्या-तुकड्याला वेगळा न्याय आहे. उष्णतेची लाट जाहीर करायला सपाटीवर पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरतात, डोंगरावर ३०. शिवाय तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर हवा. त्यामुळे मुंबईत ३८ झाले की वाहिन्यांवर लाल अक्षरे धावतात आणि अकोल्याचा माणूस ४३ अंशांत कूलरमध्ये पाणी ओतता ओतता ते बघत बसतो. मुंबईकराचे खरे दुखणे पाऱ्याचे नाहीच. समुद्रावरचे खारे वारे अकरा-बाराच्या सुमाराला सुरू झाले की तो वाचतो. जमिनीवरच्या पूर्वेच्या वाऱ्यांनी त्यांना दोन वाजेपर्यंत थोपवून धरले की संपला. लोकल उशिरा आली तर निदान स्टेशनमास्तरला शिव्या देता येतात, वाऱ्याच्या बाबतीत तीही सोय नाही.

विदर्भातला माणूस सरकारी पाऱ्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्यालाही कारण आहे. सरकारी तापमापक सावलीत बसतो. जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, सगळीकडून झडपा असलेल्या लाकडी पेटीत. ही पेटी काढली थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा तो बाप. पेटीचे शास्त्र बरोबर आहे, हवेचे तापमान मोजायचे तर ऊन लागू द्यायचे नसते. पण जो माणूस भर दुपारी नागपूरच्या बर्डीवर स्कूटरच्या सीटवर बसला आहे, त्याला सावलीत बसलेल्या पेटीने ‘आज ४४’ सांगावे हे पटत नाही. त्याच्या मते किमान ४८. शेवटी एकदा यंत्राने त्याचे ऐकले. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. मग खात्याने सांगितले की ते यंत्रच बिघडले होते. नागपूरकरांनी निष्कर्ष काढला तो उलटा : यंत्र तोवर बिघडलेले होते, त्या दिवशी दुरुस्त झाले.

खात्याचा इतिहासही मजेदार आहे. स्थापना १८७५ची. मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग साहेबांना उकडू नये म्हणून सिमल्याला, तिथून १९२८ साली पुण्याला, आणि १९४४ला दिल्लीला. पुण्यातल्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. चाळीस अंशांच्या उन्हात रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ सांगितले आणि त्याने मीटरने येतो म्हटले, तर त्या दिवशी हवामानात नक्की काहीतरी बदल आहे असे समजावे. पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्याने हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधायला घेतला. १९०४ साली आलेला गिल्बर्ट वॉकर मुळात केंब्रिजचा गणिती. बूमरँग फेकण्याचा त्याला भारी नाद. आपला पाऊस का रुसतो हे शोधता शोधता त्याने जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे गोळा केले, देशी कारकुनांना बेरजा-गुणाकारांना बसवले, आणि त्याला प्रशांत महासागरावरचा दाबाचा झोका सापडला. आजचे एल निनोचे सगळे पुराण तिथून सुरू होते. वॉकरसाहेबांना कल्पना नसेल की पुढे शंभर वर्षांनी मंडईतला भाजीवाला कोथिंबिरीची जुडी चाळीसला देताना ‘‘एल निनो आहे ना साहेब’’ म्हणेल.

तर एवढ्या मोठ्या परंपरेची खरी परीक्षा कोण घेते? शेतकरी घेतोच, त्याचे जे नुकसान होते त्याची थट्टा करायची नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीने उभी पिके झोडपली तेव्हा कुणाला विनोद सुचला नव्हता. पण नागरी जीवनात या खात्याचा सर्वांत कठोर परीक्षक म्हणजे वाळवण घालणारी बाई.

पापड एक वेळ चालतात, साबुदाण्याच्या पापड्याही उरकता येतात. कुरडईचे तसे नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचे पाणी ओतून द्यायचे आणि मोठ्या पातेल्यात घाटायचा. तो गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या. म्हणजे ऊन लागणार ते पाचव्या दिवशी, आणि निर्णय घ्यायचा आज. एकदा गहू भिजले की माघार नाही. गहू भिजवणाऱ्या बाईला जो पाच दिवसांचा अंदाज लागतो, तो मोठमोठ्या संगणकांना घाम फोडणारा आहे.

सासवडला माझी आत्या राहते. तिचा रविवारी फोन येतो. ‘‘अरे, शुक्रवारी कसं आहे तुझ्या मोबाइलात?’’

‘‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस.’’

‘‘तुरळक म्हणजे आमच्या गच्चीवर का?’’

‘‘तसं नसतं गं आत्या. चाळीस टक्के शक्यता आहे.’’

‘‘कुरडई चाळीस टक्के भिजत नाही बाबा. घालू का नको, ते सांग.’’

संभाव्यतेच्या शास्त्रावर इतका नेमका आक्षेप मी दुसरीकडे ऐकलेला नाही. मी धीर करून ‘‘घाल’’ म्हणतो आणि शुक्रवारी सुट्टी काढून जातो, कारण जबाबदारी आता माझी असते.

सकाळी सातला गच्चीवर दगड ठेवून प्लॅस्टिक अंथरलेले. चिकाच्या वासावर गल्लीतली पोरे वाट्या घेऊन हजर. आत्या सोऱ्या फिरवते, तिचे मामंजी दर दहा मिनिटांनी आकाशाकडे बघून ‘‘स्वच्छ आहे’’ असे जाहीर करतात. आणि ते खरेच असते. एप्रिलमधल्या सकाळीइतकी बनेल वेळ दुसरी नाही. दीडपर्यंत कडकडीत ऊन. अडीचला जेजुरीच्या बाजूला आकाशात कापसाचा एक पुंजका दिसतो. तीनला तो फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा फुगतो, साडेतीनला त्याचे बूड काळे होते आणि वारा एकदम पडतो. पाने हलत नाहीत. हा वारा पडला की आत्या मोबाइल बघत नाही. ‘‘उचला’’ एवढेच म्हणते. मग चौघे चार कोपरे धरून ते प्लॅस्टिक जिन्यातून खाली न्यायला निघतात. कुरडया तेव्हा अर्ध्याकच्च्या असतात, ना सुटत ना टिकत. जिन्याच्या वळणावर पुढचे दोघे डावीकडे आणि मागचे दोघे उजवीकडे वळतात, आणि घराण्याची एकी पणाला लागते. नेमका त्याच क्षणी माझा फोन कर्कश आवाजात ओरडतो : पुढील तीन तासांत पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता. मामंजी एका हाताने कोपरा आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी धरून म्हणतात, ‘‘वाहतायत म्हणावं.’’

पाऊस टपोऱ्या थेंबांनी अंगण ठिपक्याठिपक्याचे करतो आणि निघून जातो. पाठोपाठ दिवेघाट उतरून हडपसरला म्हणे धो धो. ही बातमी हडपसरच्या चुलतभावाकडून कळते. उन्हाळी ढग या दिवसांत बहुधा पूर्वेकडून, आग्नेयेकडून पुण्यावर चालून येतात, त्यामुळे सासवडची आत्या, वाघोलीचा मेहुणा आणि हडपसरचा चुलतभाऊ अशी आमची साखळी पुण्याला पाऊण तास आधी वर्दी देते. कोट्यवधींचे रडार याहून वेगळे काही करत नाही. फक्त रडार फोन ठेवण्याआधी ‘आणि मुलाच्या लग्नाचं काय केलंत’ असे विचारत नाही.

ज्यांना रडार आणि आत्या दोन्ही पटत नाहीत, त्यांच्यासाठी पंचांग आहे. मृग नक्षत्राचे वाहन काय ते बघायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर चिंता नाही. खात्याने आता पिवळा, नारंगी, लाल असे इशारे काढलेत, पण गावाकडच्या म्हाताऱ्याला ‘नारंगी’ सांगितले तर तो विचारतो, ‘‘म्हणजे म्हैस का बेडूक?’’ बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घटमांडणी होते. गोल आळे करून भोवती धान्ये, मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, आणि सोबत पापड, कुरडई, भजे, वडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले ते बघून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. पानसुपारीवरून राजाचेही. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. विज्ञानवाद्यांचा त्यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. माझ्या मनात मात्र वेगळीच शंका येते, रात्रभर शेतात उघड्यावर ठेवलेले भजे सकाळी जागेवर नसेल तर त्याचा दोष ग्रहांना कितपत द्यावा. बाकी हवामानाच्या अंदाजात कुरडई असणे हे आत्याला एकदम मान्य आहे.

धुके हा उन्हाळ्याचा विषय नाही असे ज्यांना वाटते ते मेअखेरीस महाबळेश्वरला गेलेले नाहीत. पाऊस अजून लांब असतो, पण पश्चिमेकडची ओली हवा सह्याद्रीचा कडा चढायला लागलेली असते, आणि चढता चढता ती थंड होऊन ढग बनते. ढग आपल्याला खालून दिसतो तेव्हा ढग असतो, त्याच्या पोटात पैसे भरून उभे राहिलो की धुके. पॉइंटवर समोर पांढऱ्याशिवाय काही नसते. गाइड हात लांब करून सांगतो, ‘‘समोर प्रतापगड. त्याच्या डावीकडे मकरंदगड.’’ सगळे आज्ञाधारकपणे डावीकडचे पांढरे बघतात. एक आजोबा चष्मा पुसून ‘‘तटबंदी दिसली’’ म्हणतात. घरी गेल्यावर फोटोवरून वाद होतात, हा ऑर्थर सीट की विल्सन पॉइंट, आणि तो वाद कायमचा अनिर्णित राहतो.

कोकणातल्या धुक्यात मौज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी धुके पडले की हापूसच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी, आणि बागायतदाराची फवारणी सुरू. म्हणून तो दरवर्षी फेब्रुवारीत ‘‘यंदा आंबा नाही’’ सांगतो. हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आंबा दरवर्षी येतो, भाव तेवढा ‘आंबा नाही’चा राहतो.

वादळांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सोसणारे सोसतात. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते कोकणाला झोडपत गुजरातकडे गेले. नावे तेरा देशांनी मिळून दिलेल्या यादीतून येतात. तौक्ते हे नाव म्यानमारचे, अर्थ एका ओरडणाऱ्या पालीच्या जातीचा. आपल्या वाहिन्यांनी ते तौते, तौकते, ताउक्ते असे हाताला येईल तसे उच्चारले. पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ याचा तक्ता असतो, पण अख्ख्या जिल्ह्यावर पडली तर काय, ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

एप्रिलच्या मध्यावर मोठा अंदाज येतो, चार महिन्यांच्या पावसाचा. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर. ९६ ते १०४ टक्के पडला की ‘सामान्य’. २०२४ला १०६ टक्के सांगितला, पडला १०८च्या आसपास. २०२५ला १०५ सांगितला, पुन्हा १०८. आमच्या शेजारच्या मुलाने विचारले, शंभरावर टक्के कसे? त्याच्या आईने सांगितले, चित्रकलेचे गुण मिळवले असतील. खाते बरोबर येते तेव्हा लोकांना ते आठवत नाही, याचे खात्याने वाईट वाटून घेऊ नये. जावयाने नीट वागल्याचेही कुणी लक्षात ठेवत नाही.

२०२५चीच गोष्ट. खात्याने १० मेला सांगितले, मोसमी पाऊस केरळात २७ला येईल, चार दिवस इकडेतिकडे. आला २४ला. २५ला तळकोकणात, २६ला मुंबई आणि पुण्यात. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे केरळच्या बाबतीत चार दिवसांची सूट धरून खाते तंतोतंत. पार्किंगमधले काका भिजलेल्या वर्तमानपत्रासकट उभे : ‘‘याला अंदाज म्हणतात? पंधरा-सोळा दिवस आधी! छत्र्या माळ्यावर, गच्चीची दुरुस्ती अर्धी.’’ मग पाऊस जो अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. कृषी विभाग सांगत होता, पेरणीची घाई करू नका. काका सांगत होते, ‘‘गेला कुठे हा? यांनी तर आला म्हणून जाहीर केलं होतं.’’

त्या मे महिन्यात निम्म्या महाराष्ट्राचे वाळवण भिजले. आत्याच्या कुरडया मात्र मार्चमध्येच वाळून डब्यात गेल्या होत्या. मी थक्क होऊन विचारले, कशावरून ओळखलंस? वारा, पक्षी, मुंग्यांची अंडी, काहीतरी असणार.

‘‘सोऱ्या शेजारच्या वहिनींचा,’’ आत्या म्हणाली. ‘‘त्या एप्रिलात लेकीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियाला निघाल्या होत्या. सोऱ्या घेऊन.’’